मदत हवी आहे : गोठ्यातली १९६६ ची स्टँडर्ड हेरल्ड, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) वाचेल का?

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी दापोलीजवळ कर्द्याला एका रिसॉर्टच्या आवारात जुन्या गाड्या जमल्या होत्या. मुंबई-पुण्याची हौशी मंडळी घाट उतरून आली होती. लाल एमजीबी, पांढरी मर्सिडीज १९० एसएल, आणि पार कडेला सुरूच्या सावलीत एक गडद हिरवी ट्रायम्फ स्पिटफायर. फोटोंसाठी झुंबड मर्सिडीजभोवती होती, पण मी स्पिटफायरपाशीच खिळलो. मालकांनी दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या आणि मडगार्ड-दिव्यांसकट गाडीचं अख्खं तोंड पुढे कलंडलं. इंजिन, स्टिअरिंगचा रॅक, पुढची चाकं, सगळं उघड्यावर. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "अहो, ही तर आमची हेरल्ड!"

त्या मालक काकांना इतका आनंद झाला की त्यांनी मला तासभर सोडलं नाही. दोन्ही गाड्या इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तींनी रेखलेल्या. ट्रायम्फचीच हेरल्ड १९५९ ची, स्पिटफायर १९६२ ची, आणि स्पिटफायरचा सांगाडा हेरल्डचाच आखूड केलेला. आपल्याकडे मद्रासला स्टँडर्डने बनवली ती हीच हेरल्ड. स्पिटफायरला ११४७ सीसीचं इंजिन आणि एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारे भाग), आमच्या गाडीला ९४८ सीसी आणि सोलेक्स कंपनीचा एकच. पण पुढचं सस्पेन्शन, मागची आडवी पाट्याची स्प्रिंग, हे सगळं एकाच घरातलं.

आमची दोन दारांची. अण्णांनी १९७४ साली मुंबईत सेकंडहँड घेतली. अंजर्ल्याच्या अरुंद रस्त्यात ते ती एका दमात वळवायचे. २५ फुटांच्या वर्तुळात फिरते ही गाडी, आजच्या छोट्या गाड्यांनाही ते जमत नाही. १९९८ पासून ती गोठ्यात उभी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात गोठ्यावर माड पडला, कौलं गेली. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली. ताडपत्रीने पाऊस अडवला, पण खारी दमट हवा आत कोंडून ठेवली, आणि घात तिनेच केला असं मला वाटतं.

सोमवारी घरी आल्या आल्या स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली शिरलो. चासीच्या मधल्या दोन मुख्य पट्ट्या ठोकल्यावर खणखणीत वाजतात. पण त्यांच्यातून बाहेर निघणारे आडवे हात आणि दारांखालून जाणारी कडेची पट्टी यांत स्क्रू ड्रायव्हर बिस्किटात जावा तसा गेला. डाव्या बाजूला तर मूठभर तांबडा भुगा हातात आला. काकांनी बजावलं होतं की स्पिटफायरचा भार दारांखालच्या पत्र्यावर असतो, हेरल्डचा मात्र चासीवरच, म्हणून चासीला पुटी लावून भागवू नका.

आता माझा खरा प्रश्न. आडवे हात आणि कडेच्या पट्ट्या जाड पत्र्यातून नव्याने करून घ्याव्यात, की बॉडी पूर्ण उतरवावी? हिची बॉडी तुकड्या-तुकड्यांत बोल्टने बसवलेली आहे, त्यामुळे ती उतरते हे ठाऊक आहे. पण उतरवण्याआधी दारांच्या चौकटींना आतून आडव्या पट्ट्या मारायच्या असतात, नाहीतर दारं पुन्हा बसत नाहीत. दापोली, खेड, चिपळूण भागात हे काम जाणणारा वेल्डिंगवाला आहे का? की ट्रकवर टाकून कोल्हापूरला न्यावी? ज्याने हेरल्ड किंवा फियाट ११०० चं असं काम स्वतः करून घेतलंय त्याचा अनुभव हवाय. खर्चाचा अंदाजही सांगा, कितीही असला तरी.

इंजिनाला मी अजून हात लावलेला नाही. प्लग काढून आत थोडं तेल सोडायचं आणि दोन-चार दिवसांनी हाताने फिरवून बघायचं, एवढं ठरवलंय. बॅटरी लावणार नाही.

आणि कागदपत्रं. आरसी बुक आहे, पण नूतनीकरण कधीच झालेलं नाही. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो असं वाचलं. रत्नागिरीत कोणी हे केलंय का? नंबर जायला नको. अण्णा ८४ वर्षांचे आहेत, त्यांना नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत पण हा नंबर पाठ आहे.

काम मृगाच्या आधी उरकायला हवं. खालच्या बाजूचे फोटो उद्या उजेडात काढून इथेच टाकतो.