मदत हवी आहे : नावघाटावरचं शिंदीचं दुकान

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव गोदाकाठचं, आता नाथसागराच्या पोटात. 1965 ला जायकवाडी धरणाचं काम सुरू झालं आणि पुढं घरं उठली. नावघाटाला लागून शिंदीचं (ताडीसारख्या झाडाच्या दारूचं) दुकान होतं. आजोबा नाव चालवायचे, म्हणजे दिवसातनं चारदा तरी त्यांची हजेरी तिथं (आजीच्या मते सहादा!). उतारूंची वाट बघत नावाडी, भोई, बाजारकरी पिंपळाखाली बसायचे. पळसाच्या द्रोणात शिंदी, सोबत फुटाणे. उधारी कोळशानं भिंतीवर. आजोबांच्या नावापुढच्या रेघा म्हणे पुसल्याच नाहीत, भिंतच बुडाली.

निजामाच्या काळात अशी दुकानं आबकारीच्या गुत्त्यावर, म्हणजे दारूखात्यानं लिलावात दिलेल्या ठेक्यावर चालत. तर विचारायचंय, त्या लिलावांची दप्तरं हैदराबादच्या अभिलेखागारात पाहायला मिळतात का? उर्दू वाचून देणारं कुणी आहे का? 1954-55 च्या खासरा पाहणीत (जमिनीच्या सरकारी नोंदीत) दुकानाची जागा सापडेल का?

पैठण, शेवगाव, गंगापूरकडच्या कुणाच्या घरी म्हातारं माणूस असेल तर एवढं विचाराच. फोटो असेल तर सोन्याहून पिवळं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चुलते अजून जोत्याचे दगड शोधत हिंडतात.