नुसत्या टाइप अलियासने भागत नाही

वर तुम्ही म्हणालात की रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत रॅपर टाइप (साध्या आकड्याभोवती गुंडाळलेला नवा, वेगळा टाइप) म्हणजे उगाच टायपिंग वाढवणं, टाइप अलियास केला की झालं. मला हे नाही पटत. अलियास म्हणजे नुसतं दुसरं नाव, कंपायलरच्या (कोड तपासून चालवण्याजोगा करणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी दोन्ही एकच, मग तो चूक पकडणार कशी?

मी सांगलीत हळदीच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बघतो. काट्यावरून आकडा येतो किलोत, भाव असतो क्विंटलला, आणि आमच्या जुन्या सी कोडमध्ये दोन्ही साधे डबल (दशांशाचे आकडे), तर एकदा क्विंटलच्या जागी किलो गेले आणि पट्टी (मालाच्या पैशांचा हिशोब) शंभरपट फुगली, छापायच्या आधी दिसलं म्हणून वाचलो. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर पण पाउंड आणि न्यूटनच्या अशाच गोंधळात गेलं.

आता रस्टमध्ये किलो आणि क्विंटल दोन वेगळे स्ट्रक्ट (आपण बनवलेले टाइप) केलेत, आत एकेक एफ६४ (रस्टमधला दशांशाचा आकडा), चुकीचा दिला की कंपाइलच होत नाही. आतलं फील्ड प्रायव्हेट ठेवलंय, बाहेरून थेट भरता येत नाही, त्यामुळे कन्स्ट्रक्टरमध्ये (किलो तयार करणाऱ्या फंक्शनमध्ये) एकदा तपासलं की बारदान वजा करून उणे आलेलं वजन पुढं जातच नाही. सी लायब्ररीला द्यायचं असेल तर स्ट्रक्टवर रेपर ट्रान्सपरंट (repr(transparent)) ही खूण लावा, मेमरीतला लेआउट आतल्या टाइपसारखाच राहतो. आणि नॉनझिरोयू३२ (कधीच शून्य नसणारा ३२ बिटांचा पूर्णांक, हाही रॅपरच) बघाच, ऑप्शनमध्ये (आकडा आहे किंवा नाही असं दोन्ही सांगणाऱ्या टाइपमध्ये) घातला तरी ४ बाइटच, म्हणजे जागा पण वाढत नाही.

फक्त सोयीसाठी डीरेफ (रॅपरला आतल्या टाइपसारखं वापरू देणारी सोय) लावू नका राव, किलोचा रेफरन्स परत गुपचूप एफ६४ म्हणून चालायला लागतो. बेरीज हवी तर ॲड ट्रेट (टाइपला + कसं करायचं ते सांगणारा कोड) लिहा, चार ओळींचं काम आहे.