मायांग म्हणजे नक्की कोणता अवयव? (आणि हॉर्मोनला संप्रेरक म्हणायचं का)

अनुवादू
मंडळी नमस्कार. दूध उत्पादकांसाठीचं एक पत्रक मराठीत करून देतेय, गाई-म्हशींची प्रजननसंस्था, नर मादी दोन्ही, आणि हॉर्मोन्स. मादीच्या आकृतीत बाहेरून आत जाताना व्हल्व्हा, व्हजायना, सर्व्हिक्स, युटेरस, ओव्हरी अशी नावं आहेत. मी निरण, योनी, गर्भाशयमुख, गर्भाशय, बीजांडकोश लिहिलं. तपासणाऱ्यांनी निरण खोडून 'बाह्ययोनी' केलं आणि समासात शेरा मारला, 'शब्द ग्रामीण आहे'. अहो पत्रक कुणासाठी आहे मग? ते एक असो. खरा घोळ पुढेच आहे. विण्याआधी व्हजायना बाहेर येते त्याचा एक परिच्छेद आहे आणि व्यायल्यावर युटेरस बाहेर येतं त्याचा दुसरा. माझ्या सासरी, बारामतीकडे, दोन्हीला 'मायांग बाहेर आलं' एवढंच म्हणतात. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, अंग बाहेर आलं म्हण, डॉक्टर आला की बघतोच तो. तर मायांग म्हणजे नक्की काय? तुमच्याकडे कसं म्हणतात?

खडकाळ
मायांग म्हणजे गर्भाशय. माय + अंग, आईचं अंग. यात चर्चेसारखं काय आहे

कोकणी माड
असं कसं? आमच्याकडे माजावर आलेल्या म्हशीचं मायांग सुजलं म्हणतात, आता गर्भाशयाची सूज बाहेरून कुणाला दिसणार? म्हणजे तुम्ही ज्याला निरण म्हणता तेच ते. तुमच्याकडे ते आणखी आत सरकलेलं दिसतंय.

शुद्धोदक
दोघांचंही चूक. परिभाषेत एका अवयवाला एकच शब्द हवा. भग, योनी, गर्भाशयग्रीवा, गर्भाशय, अंडाशय, इतकं स्वच्छ आहे सगळं. शेतकऱ्याला कळणार नाही हे आपणच ठरवून बसलोय, त्याची मुलं शाळेत हेच शिकतात. आणि शीर्षकातल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल, हॉर्मोन कशाला हवाय? स्टार्लिंगने १९०५ मध्ये हॉर्मोन हा शब्द ग्रीकवरून घेतला, अर्थ चालना देणारा. संप्रेरक म्हणजे तेच. इतका चपखल प्रतिशब्द क्वचित सापडतो आणि आपण त्याची लाज बाळगतो.

खडकाळ
संप्रेरक दहावीच्या पेपरात लिहिला, त्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकला नाही. दुकानात जाऊन संप्रेरक द्या म्हणून बघा, खताची गोणी काढून देईल.

जुना वैद्य
मी पशुसंवर्धनातून निवृत्त झालेला माणूस, भाषेचं फार कळत नाही. पण अनुवादूताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे आणि नुसता शब्दाचा नाही. रात्री फोन यायचा, डॉक्टर मायांग आलंय बाहेर. मी आधी एकच विचारायचो, व्यायलीय का गाभण आहे. गाभण असेल, शेवटचे दोन महिने चालू असतील, जनावर बसलं की गुलाबी गुळगुळीत गोळा दिसतो आणि उभं राहिलं की बरेचदा आपोआप आत जातो, ती योनी. त्या काळात इस्ट्रोजेन हे हॉर्मोन वाढतं आणि कमरेचे बंध सैल पडतात, त्यातून होतं. मागची बाजू उंच राहील असं बांधा, गोळा स्वच्छ ठेवा, मी सकाळी येतो असं सांगता यायचं. व्यायल्यावर काही तासांत आलं असेल तर मात्र गर्भाशय, ते ढोपरापर्यंत लोंबतं आणि त्याच्यावर बटणासारख्या गाठी दिसतात, वार जिथे चिकटलेली असते त्या, गाईत साधारण शंभर. याला सकाळ बघायची नसते. आतल्या मोठ्या रक्तवाहिनीवर ताण येऊन ती फुटली तर जनावर बघता बघता जातं. तेव्हा गाय हलवायची नाही, दोघांनी स्वच्छ ओल्या चादरीवर ते उचलून धरायचं, कुत्र्याकावळ्यांपासून जपायचं, वार ओढून काढायची नाही. मी गेलो की कित्येकदा घरातली साखर मागायचो, गर्भाशयावर पसरली की सुजेतलं पाणी ओढून घेते, मग आत ढकलणं जमतं. आणि सलाईनमधून कॅल्शियम, कारण विताना कॅल्शियम घटलेलं असतं, स्नायूला जोरच राहत नाही. आता तुम्ही दोन्ही परिच्छेदांत 'मायांग' लिहिलंत तर वाचणारा कुठला सल्ला कुठे लावणार?

निळाई
डॉक्टरांनी जे सांगितलं त्यातच उत्तर आहे की. गोठ्यात फरक ओळखायचा तो अवयवावरून नाही, वेळेवरून. गोठ्यातली भाषा मुळात अवयवाला नाव देतच नाही, काय घडलं त्याला देते. माजावर आली, फळली, उलटली, गाभडली, वार अडकली, पान्हा सोडला, आटली. सगळी क्रियापदं. तुम्ही 'विण्याआधी अंग बाहेर येणं' आणि 'व्यायल्यावर अंग बाहेर येणं' अशी दोन शीर्षकं द्या, अवयव कुठला ते खाली सांगा.

चंदगडकर
निळाईताई, वाचायला छान वाटतं पण पटत नाही. कास, सड, निरण, वशिंड ही अवयवांचीच नावं आहेत ना? ज्याला रोज हात लागतो त्याला नाव आहे, आतल्याला नाही, एवढाच हिशोब. उलट पुरावा देतो. आमच्या भागात कृत्रिम रेतन करणारे दादा सर्व्हिक्सला 'कमळ' म्हणायचे. का, तर त्यांचा हात रोज तिथे असतो. डावा हात गुदमार्गातून घालून ते कमळ वरून मुठीत पकडायचं, आत तीन-चार कड्या असतात, त्यातून उजव्या हाताने नळी एकेक कडी पार करत न्यायची आणि शेवटची कडी ओलांडली की लगेच रेत सोडायचं, फार पुढे शिरायचं नाही. त्यांना नावाची गरज पडली म्हणून नाव आहे. गर्भाशयमुख म्हणून त्यांच्यासमोर उभं राहिलात तर चहा पाजून परत पाठवतील.

शुद्धोदक
कमळ हा बायकांच्या बाबतीत जुन्या सुइणींचाही शब्द आहे आणि काही ठिकाणी अख्ख्या गर्भाशयालाच म्हणतात. म्हणजे परत तोच गोंधळ. लोकभाषा गोड असते, नेमकी नसते.

विदर्भी पोर
निरण कुठून आलं कोणी सांगन का? आमच्या आजीचं म्हणणं होतं निऱ्यांवरून, कारण एरवी त्याच्यावर चुण्या असतात आणि माजावर आली की सुजून चुण्या जातात, तपासायची तीच खूण.

कोकणी माड
नीर वरून असणार. माजात पाण्यासारखा स्राव येतो ना.

विदर्भी पोर
पाण्यासारखा कुठं, काचेसारखा स्वच्छ अन चिकट, तार लोंबते जमिनीपर्यंत. त्याला बळस म्हणतात.

खडकाळ
सोट.

विदर्भी पोर
बळस. सोट म्या फक्त मासिकात वाचला.

जुना वैद्य
दोन्ही चालतात. पांढरट किंवा पिवळा असेल तर रेतन करू नका, आधी उपचार करा, हे पत्रकात नक्की घाला. बळस म्हणा, सोट म्हणा.

निळाई
'उलटली' यावर थोडं लिहिते, कारण हॉर्मोनचं सगळं प्रकरण त्या एका शब्दात बसतं. बीज सुटलं की त्या जागी बीजांडकोशावर पिवळी गाठ तयार होते, पुस्तकात पीतपिंड, ती प्रोजेस्टेरॉन सोडते आणि तोवर गाय शांत असते. गर्भ राहिला नाही तर सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या आसपास गर्भाशयच प्रोस्टाग्लँडिन सोडून ती गाठ विरघळवून टाकतं, मग नवीन बीज, परत इस्ट्रोजेन, एकविसाव्या दिवशी गाय परत माजावर. आमचे आजोबा पंचांगाच्या कडेला पेन्सिलने फुली मारायचे आणि तीन आठवड्यांनी त्याच वाराला गाय हंबरते का बघायचे. हंबरली तर 'उलटली', नाही हंबरली तर 'ठरली'. पिवळी गाठ ऐकली नव्हती त्यांनी कधी.

चंदगडकर
आणि म्हशीच्या बाबतीत ते पंचांग उन्हाळ्यात बंद पडतं. मुका माज. आत सगळं होतं पण हंबरत नाही, काही नाही. सकाळी उजाडायच्या आत गोठ्यात जाऊन बघावं लागतं.

शुद्धोदक
माज हा शब्दही पत्रकात खटकतो. मदचक्र किंवा ऋतुकाल लिहावं. माज आपण उर्मट माणसाला म्हणतो, तुला माज आलाय का. जनावराचा उगाच अपमान.

खडकाळ
अपमान माणसाचा आहे, म्हशीला मूळचा हक्क आहे त्या शब्दावर 😀

विदर्भी पोर
मद्य, मज्ज, माज असं गेलं असणार ते. म्हणजे नशा. माणूस अन म्हैस दोघांलेही लागू.

अनुवादू
खूप छान माहिती मिळतेय, डॉक्टरकाकांचं तर तसंच्या तसं घेणार आहे. निळाईचं शीर्षकही आवडलं, फक्त आकृतीवरचा बाण कुठे नेऊ ते अजून कळलं नाही. हॉर्मोनचं पण अडलंय. एका शेतकरीताईंना कच्चा मसुदा वाचून दाखवला, 'हॉर्मोन्समुळे गाय माजावर येते' ऐकून त्या चिडल्याच. आम्ही नाही देत हो असलं इंजेक्शन, म्हणाल्या.

जुना वैद्य
कारण गावात हॉर्मोन म्हणजे ऑक्सिटोसिन. पान्हा चोरणाऱ्या म्हशीला लोक टोचतात ते. लोकांना वाटतं त्याने दूध तयार होतं. तयार दूध तर आधीच कासेत असतं, ते ऑक्सिटोसिन फक्त खाली उतरवतं. वासरू ढुशी देतं, कास धुतली जाते, तेव्हा जनावराच्या मेंदूतूनच ते सुटतं, मिनिटभरात कासेत पोचतं आणि पाच-सात मिनिटं टिकतं. तेवढ्यात दूध काढून व्हायला हवं. कुणी काठी आपटली, अनोळखी माणूस शिरला की ॲड्रिनॅलीन सुटतं आणि पान्हा गेला.

शुद्धोदक
बघा. हॉर्मोन शब्द बदनाम झालाय हे तुम्हीच सिद्ध केलंत. संप्रेरक लिहिलं असतं तर त्या बाई चिडल्या नसत्या.

खडकाळ
चिडल्या नसत्या कारण कळलंच नसतं

अनुवादू
😀 बरं नराच्या आकृतीत फार वाद नसावा. वृषण, वृषणकोश, शिश्न. शिश्नाला आत इंग्रजी एससारखं वळण असतं, बैलाचं एरवी आत दुमडलेलं राहतं ते. त्याला काही शब्द?

चंदगडकर
तिथे कुणाचा हात लागत नाही, म्हणून नाव नाही. माझा सिद्धांत सिद्ध.

कोकणी माड
वृषण कोण म्हणतं, अंड म्हणा. बैलाचे अंड बडवतात, वृषण बडवत नाहीत.

जुना वैद्य
बडवणं आता नको. पूर्वी लाकडाने ठेचायचे, जनावर अर्धमेलं व्हायचं. चिमटा येतो त्यासाठी, कातडी न कापता वरची नस दाबून तोडतो, मग अंड आपोआप सुकतं. टेस्टोस्टेरॉन थांबतं. लहानपणीच केलं तर वशिंड वळूसारखं भरत नाही, मान पण बारीक राहते. वृषणकोश बाहेर लोंबता का असतो तेही लिहा, आतलं तापमान अंगापेक्षा तीन-चार अंशांनी कमी लागतं, नाहीतर रेत चांगलं राहत नाही. उन्हाळ्यात वळूला सावली द्या असं सांगता येईल त्यावरून.

निळाई
खच्ची करणं हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आलाय ना, खस्सी? खस्सीचा बोकड म्हणतात तोच. आणि आता पेपरवाले कार्यकर्त्यांचं खच्चीकरण छापतात, कुणाच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही.

शुद्धोदक
म्हणूनच म्हणतो, निर्बीजीकरण लिहा.

विदर्भी पोर
निर्बीजीकरण कुत्र्यांचं असते जी, महानगरपालिकेचं. पण खच्ची करतात कधी, अदत असतांना का दुसा झाल्यावर?

चंदगडकर
आमच्याकडे दोन दात आल्यावर करायचे, मान भरू द्यायची म्हणून. आणि ते आदत आहे, अदत नाही.

विदर्भी पोर
अ-दत. दात नाही तो. आदत म्हणजे सवय.

चंदगडकर
दात नाही कसे, दुधाचे असतात की. बैलगाडा शर्यतीच्या पत्रिकेवर आदत, दुसा, चौसा असंच छापतात, पत्रिका काढून बघा.

शुद्धोदक
पत्रिकेत छापलं म्हणून शुद्ध होत नाही. कायमचा दात नाही तो अदंत, त्याचं अदत.

खडकाळ
अदंत घेऊन या एकदा मैदानात, झेंडेवाला पण हसेल