वाचनालयासाठी घरपट्टी: उपकर मागायचा की ठराव?

सचिव: नमस्कार सोसायटीकर मंडळी. प्रभागातल्या वाचनालयासाठी नगरपंचायतीला द्यायच्या निवेदनात 'घरपट्टीवर ५ टक्के ग्रंथालय उपकर लावावा' (म्हणजे घरपट्टीवर वेगळा जादा कर) असं वाक्य आहे. हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

बी-५०२: सचिव, ते वाक्य काढाच. आपल्या महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात उपकराची तरतूदच नाही. ग्रंथालय निधीत राज्य सरकारनेच दरसाल किमान २५ लाख घालायचे, अशी त्याची रचना. नगरपंचायतीला स्वतःहून नवा कर लावायचा तर नियम करा, जाहीर हरकती मागवा, वरची मंजुरी आणा. आपलं निवेदन 'शासनाकडे अभिप्रायार्थ' असा शेरा पडून फायलीत बसेल.

ए-१०४: पण दक्षिणेत घरपट्टीच्या बिलातच असतो ना ग्रंथालय कर?

सी-३०१: असतो, कारण तिथे कायद्यातच आहे. मद्रासचा (आजचं तामिळनाडू) कायदा १९४८ चा, त्यामागे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन होते. आंध्रात १९६० च्या कायद्याने रुपयामागे ८ पैसे, कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने ६ पैसे, केरळात १९८९ च्या कायद्याने ५ टक्के. वाईट याचं वाटतं की देशातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ साली आपल्याच कोल्हापूर संस्थानात झाला, आणि उपकर मात्र आपल्याकडे नाही.
पण उपकर असूनही एक दुखणं राहतंच. गोळा करते स्थानिक संस्था, खर्च करतं ग्रंथालय खातं. मधल्या मधे पैसा अडकतो, ही कर्नाटकातली जुनी तक्रार आहे.

खजिनदार: मग आपण नक्की मागायचं काय?

बी-५०२: नगरपंचायतीचा ठराव. नवा कर नको. आहे त्याच एकत्रित मालमत्ता कराच्या, म्हणजे मूळ घरपट्टीच्या, वसुलीतला ठरावीक टक्का वाचनालयाच्या स्वतंत्र खात्यात जावा. बिल काढून बघा. खाली वृक्ष उपकर, शिक्षण कर आणि गाळ्यांना रोजगार हमी कर असतो. शिक्षण आणि रोजगार हमीचा पैसा राज्याचा, नगरपंचायत फक्त वसूल करून भरते. त्यामुळे टक्का बिलाच्या एकूण रकमेवर मागितला तर लेखापाल पहिल्याच वाचनात हरकत घेईल.

ए-१०४: ५ टक्क्यांत होतं काय? आकडे टाका कुणीतरी.

खजिनदार: उदाहरण म्हणून धरा, ४,००० मालमत्ता, एकत्रित कर सरासरी १,५००. मागणी, म्हणजे बिलांची एकूण रक्कम, ६० लाख. वसुली ७० टक्के धरली तर ४२ लाख, त्याचे ५ टक्के म्हणजे २ लाख १० हजार. एका घराच्या भरलेल्या करातले वर्षाला ७५ रुपये. बिल वाढत नाही.

सी-३०१: यातला निम्मा पगाराला ठेवा, १ लाख ५ हजार. महिना ८,७५०. एवढ्यात पूर्णवेळ ग्रंथपाल मिळत नाही, हे निवेदनात स्पष्ट लिहा. संध्याकाळचे चार तास उघडं राहील, तेही रोज. पाव भाग पुस्तकांना, ५२,५००. सरासरी २५० रुपये धरले तर २१० पुस्तकं. उरलेल्या पाव भागात वीज, वर्तमानपत्रं, रॅक आणि बाइंडिंग. बाइंडिंगला आधीच बाजूला काढा. मुलांची पुस्तकं सर्वांत जास्त फिरतात, आधी कणा सुटतो, मग पानं गळतात. वेळेत बांधलं नाही तर तेच पुस्तक पुन्हा विकत घ्यावं लागतं.

डी-२०६: टक्क्यापेक्षा सरळ 'दरवर्षी २ लाख' का नाही मागायचे? सोपं पडेल.

बी-५०२: काका, ठोक रक्कम दहा वर्षं तिथेच राहते आणि पुस्तकांच्या किमती वाढत जातात. टक्का असला की नवी घरं आली, चतुर्थ वार्षिक (दर चार वर्षांची) आकारणी झाली, की रक्कम आपोआप वाढते.

खजिनदार: मला दुसरी भीती आहे. लोक कर भरतात मार्चमध्ये. एप्रिल ते नोव्हेंबर नगरपंचायतीकडेच रोकड नसते, वाचनालयाला कुठून देणार? पगार थकला की माणूस सोडून जातो आणि कुलूप लागतं.

बी-५०२: म्हणून टक्का मागच्या वर्षीच्या प्रत्यक्ष वसुलीवर लावायचा. आकडा १ एप्रिललाच पक्का. त्याचे चार समान हप्ते, प्रत्येक तिमाहीच्या पहिल्या महिन्यात. आणि अर्थसंकल्पात नुसतं लेखाशीर्ष (खर्चाचं सदर) नको, बँकेत वेगळं खातं हवं. नुसती तरतूद असली तर ३१ मार्चला शिल्लक रद्द होते, किंवा मधेच ठराव करून गटाराच्या कामाला वळवतात.

ए-१०४: निवेदन कधीपर्यंत द्यायचं?

बी-५०२: डिसेंबरात. अर्थसंकल्प फेब्रुवारीत सभेपुढे येतो, अंदाजपत्रकाची जुळवाजुळव त्याआधीच होते. पोच घ्या, आवक क्रमांकासकट.

सचिव: सुधारित वाक्य: 'मागील आर्थिक वर्षाच्या एकत्रित मालमत्ता कराच्या मागणीच्या ५ टक्के रक्कम वाचनालयाच्या स्वतंत्र बँक खात्यात चार समान हप्त्यांत जमा करावी.'

खजिनदार: 'मागणीच्या' खोडा, 'प्रत्यक्ष वसुलीच्या' लिहा. मागणीवर टक्का धरला तर न आलेल्या पैशावर वाटा मागितल्यासारखं होतं, सभेत कुणी मान्य करणार नाही.

सी-३०१: आणि वसुलीपुढे कंसात 'चालू व थकबाकी' टाका. नाहीतर जुन्या थकबाकीतून आलेला पैसा हिशेबात धरणार नाहीत.

सचिव: दोन्ही बदल केले. सह्यांचा कागद उद्या सकाळपासून लिफ्टजवळ ठेवतो. सहीसमोर मालमत्ता क्रमांक लिहा, फ्लॅट नंबर नको.