मदत हवी आहे : द्रवात बुडणाऱ्या कणांचं गणित जोड्यांपुरतं धरून चालेल का?

नमस्कार मंडळी,

ग्लिसरीनमध्ये एकसारख्या काचमण्यांच्या अवसादनाचं (म्हणजे तळाकडे बसत जाण्याचं) सिम्युलेशन करतोय, आणि एका जागी अडलोय.

एकटा मणी स्टोक्सच्या नियमाने (दाट द्रवात संथ उतरणाऱ्या गोळ्याचा वेग देणारा नियम) संथ उतरतो. दोन मणी शेजारी सोडले की दोघंही एकट्यापेक्षा वेगाने जातात, कारण प्रत्येक जण द्रव ओढत नेतो आणि त्याचा फायदा दुसऱ्याला मिळतो. पण भांड्यात मण्यांची गर्दी केली की उलट सगळेच मंदावतात! बंद तळामुळे द्रवाला वर परतावंच लागतं, हे कारण मला पटतं. अडचण आकड्यांची आहे.

बॅचलर यांचं १९७२चं सूत्र जोड्यांवर बेतलेलं आहे, म्हणजे एका वेळी दोनच कणांचा एकमेकांवरचा परिणाम धरतं : वेग = एकट्याचा वेग × (१ − ६.५५φ), φ म्हणजे कणांनी व्यापलेला घनफळाचा अंश. φ ०.२० घेतला तर वेग चक्क ऋण येतो, म्हणजे मणी वर चढायला हवेत. रिचर्डसन-झाकी यांचं प्रयोगांवरून काढलेलं (१ − φ) घात ४.६५ हे सूत्र तिथेच एकट्याच्या वेगाच्या सुमारे ०.३५ पट वेग देतं. विरळ मिश्रणासाठी काढलेलं सूत्र इतकं ताणू नये, मान्य. पण φ ०.०५ लाही बॅचलरचं ०.६७ पट, रिचर्डसन-झाकीचं ०.७९ पट! हा फरक कणांच्या मांडणीमुळे असावा असं मला वाटतं, कारण बॅचलर यादृच्छिक मांडणी गृहीत धरतात.

तर विचारायचं असं : तिसऱ्या-चौथ्या कणाचा परिणाम धरायला थेट स्टोक्सियन डायनॅमिक्सच (सगळ्या कणांचा द्रवातून एकमेकांवर होणारा परिणाम एकत्र मोजणारी सिम्युलेशन पद्धत) वापरावं, की हजारभर कणांना पुरेल अशी हलकी पद्धत आहे? कुणी स्वतः कोड लिहिला असेल तर अगदी जवळ आलेल्या मण्यांमधला वंगणबलाचा (मधल्या पातळ द्रवथरामुळे येणाऱ्या बलाचा) भाग कसा हाताळलात, तेही सांगा. माझी आकडेमोड तिथेच डगमगते.