अभियंत्यांच्या कामातला फरक: माणसाचा की परिस्थितीचा?

मूळ मत (जुळे सोलापूर)
‘एक चांगला अभियंता दहा जणांचे काम करतो’ हे वाक्य आपल्या सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात सर्रास ऐकू येते, पण ते आले कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट या संशोधकांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 12 अनुभवी प्रोग्रामरांना प्रोग्राममधल्या चुका काढायला लागलेल्या वेळेत 28 पट तफावत दिसली. मात्र त्या आकड्यात थेट संगणकासमोर बसून केलेले काम आणि प्रोग्राम सोपवून निकालाची वाट पाहत केलेले काम एकत्र धरले होते. पुढे 1985 मध्ये डीमार्को आणि लिस्टर यांनी 166 प्रोग्रामरांची तुलना केली, तेव्हा एकाच संस्थेतल्या दोघांची कामगिरी बरीचशी सारखी निघाली. शांत जागा आणि सलग मिळणारा वेळ यांचे श्रेय आपण माणसाच्या पदरात टाकतो, असे माझे मत आहे.

प्रतिसाद 1 (होटगी रोड)
असहमत. चादरीच्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर करणाऱ्या आमच्या छोट्या कचेरीत जीएसटीचे पैसे जुळत नव्हते. एका सहकाऱ्याने प्रत्येक रिपोर्टात फरक झाकणारा वेगळा कोड लिहिला. दुसरीने मात्र दोन दिवस एक ओळही न लिहिता हे शोधले, की एका ठिकाणी बिलातल्या प्रत्येक ओळीवर रक्कम पूर्णांकात आणली जाते आणि दुसरीकडे फक्त एकूण बेरजेवर. तिने एकच पद्धत ठेवली, आधीचा सगळा जोडकोड काढून टाकला आणि तक्रारी थांबल्या. खोली तीच, इंटरनेट तेच, पगारही तोच होता.

मूळ लेखकाचे उत्तर
उदाहरण चोख आहे, पण त्याने माझीच बाजू भक्कम होते. कोडच्या ओळी मोजल्या असत्या, तर बक्षीस पहिल्याला मिळाले असते. विडी कामगाराची मजुरी हजार विड्यांवर ठरते, कारण तिथे नग मोजता येतो. इथे काढून टाकलेला कोड कशात मोजणार? शिवाय ते दोन दिवस तिला कोणी फोन करून उठवले नाही, हेही महत्त्वाचे आहे.

प्रतिसाद 2 (होटगी रोड)
पहिल्या सहकाऱ्यालाही कोणी उठवले नव्हते. मोजमाप चुकते हे मान्य, पण मोजता येत नाही म्हणून फरकच नाही, असे ठरत नाही. वार्षिक वाढ ठरवताना मी ओळी पाहत नाही. बंद केलेली तक्रार पुन्हा किती वेळा उघडली, ते पाहतो.

प्रतिसाद 3 (अक्कलकोट रोड)
तेही जपून करावे. अवघड तक्रारी ज्याच्याकडे जातात, त्याच्याच पुन्हा उघडतात.