मदत हवी आहे: फिनलंडमध्ये फिनिश जेवण मिळतं तरी कुठे?

वांगीभात (बुधवार, रात्री ९.४०)
फिनलंडमध्ये येऊन तीन दिवस झाले. पहिल्या रात्री नेपाळी, दुसऱ्या रात्री पिझ्झा, आज परत नेपाळी. मोमो खायला एवढं विमानाचं तिकीट काढायची गरज नव्हती, ते कोथरूडात कोपऱ्यावर मिळतात. उतरलोय त्या घराच्या मालकिणीला विचारलं की तुमचं इथलं जेवण कुठे मिळेल. तिने बराच विचार केला आणि एका इटालियन हॉटेलाचं नाव सांगितलं! कुणी राहिलंय का इथे? नेमकं ठिकाण सांगा. गूगल कर म्हणू नका, केलंय. शनिवारी परत निघतोय.

कोकमआगळ
सोप्पं आहे. बंदरावरच्या जुन्या मार्केट हॉलमध्ये जा. १८८९ सालचा लाल-पिवळ्या विटांचा हॉल आहे, आत सूप मिळतं. बाहेरच्या चौकातही तळलेले मासे असतात, पण सीगलपासून सांभाळा. माझ्या हातातला मासा नेलान एकाने, वर परत आला चटणी बघायला.

वांगीभात
बंदर? इथे बंदर कुठलं? तळी आहेत दोन.

कोकमआगळ
हेलसिंकीत तळी??

वांगीभात
हेलसिंकी कोण म्हणालं. तांपेरेला आहोत. नवऱ्याचं ऑफिसचं काम आहे.

भटकभवानी
अगं मग धाग्यात लिही की. फिनलंड म्हणजे काय नारायण पेठ आहे का? तांपेरेत असशील तर दुसरं काही बघूच नकोस, मुस्तामाक्कारा! तम्मेला चौकातल्या टपरीवर मिळतं. मागायचं वजनावर नाही, पैशांवर: ‘तीन युरोचं द्या.’ बाई कात्रीने कचाकचा कापून कागदात देते, वर लिंगनबेरीचा जाम, सोबत थंड दूध. उभ्याने खायचं. तांपेरेला जाऊन ते न खाता आलेला माणूस मी माणसात धरत नाही.

वांगीभात
म्हणजे काय असतं ते?

भटकभवानी
डुकराचं रक्त आणि राईचं (मोहरी नव्हे, राय नावाचं धान्य) भरड पीठ भरलेलं सॉसेज.

वांगीभात
बरोबर सासूबाई आहेत. मासे-अंडी खातात, बाकी काही नाही.

जुना_मेंबर
मासे आणि दूध एकत्र हा विरुद्धाहार आहे एवढंच नोंदवतो.

एस्पोकर
नऊ वर्षं इथे आहे. धागाकर्तीची चूक नाही, सगळ्यांचंच असं होतं, कारण आपण फिनिश जेवण संध्याकाळी शोधतो. इथली माणसं बाहेर जेवतात ती दुपारी. ‘लोउनास’, म्हणजे दुपारचं जेवण, अशी पाटी दारात दिसली की आत शिरायचं. साडेदहा-अकराला सुरू, दोनला आवरतं घेतात. १२-१४ युरोत सॅलड, ब्रेड, मुख्य पदार्थ, बहुतेक ठिकाणी कॉफीसुद्धा. उकडलेले बटाटे, माशाचं सूप, भाजलेला मासा, कोबीचं काहीतरी, म्हणजे इथल्या घरात जे शिजतं तेच. संध्याकाळी बाहेर जायचं ते चवपालटाला, म्हणून पिझ्झा आणि नेपाळी. मालकिणीने इटालियन सांगितलं यात तिचं काय चुकलं? तुमच्याकडे कुणी पाहुणा आला आणि ‘वरणभात कुठे मिळेल’ म्हणाला तर तुम्हीही डोकं खाजवाल.
तुम्ही जेवायला किती वाजता बाहेर पडताय?

वांगीभात
नवरा सहाला येतो. त्यानंतर.

एस्पोकर
नवऱ्याला सोडा. उद्या तुम्ही दोघी बारा वाजता हॅमेनकातू रस्त्यावरच्या मार्केट हॉलमध्ये जा. १९०१ चा आहे, संध्याकाळी सहाला बंद होतो, म्हणून तुम्हाला दिसलाच नाही. तिथे लोहीकेइत्तो, म्हणजे सामन माशाचं सूप: बटाटा, साय, थोडी ऑलस्पाइस आणि वर भरपूर शेपू.

तिरपा_सूर
शेपू? सायीत? माशावर? देवा.

कोकमआगळ
अहो तो शेपू म्हणजे आपला शेपू नव्हे. बडिशेपेसारखा वास असतो त्याला. आपला उग्र.

एस्पोकर
आपलाच. सुपरमार्केटात कुंडीत मिळतो, मी त्याची मुगाची डाळ घालून भाजी करतो.

तिरपा_सूर
नऊ वर्षं परदेशात राहून माणूस शेपूची भाजी करतो. काय म्हणावं.

जुना_मेंबर
शेपू वातहारक आहे.

सुपारीकातर
उद्या गुरुवार आहे हे कुणी बोललंच नाही! गुरुवारी फिनलंडभर वाटाण्याचं सूप आणि ओव्हनमधलं जाड पॅनकेक. सैन्यात, शाळांत, कँटीनमध्ये, सगळीकडे. शाळांवरून आठवलं, तिथे १९४८ पासून सगळ्या मुलांना दुपारचं जेवण फुकट आहे. आपल्याकडे माध्यान्ह भोजनात काय चाललंय ते बघा.

भटकभवानी
त्या सूपात डुकराचं मांस असतं. सासूबाईंना नका देऊ.

सुपारीकातर
शाकाहारी पण मिळतं. ‘कास्विस’ शब्द शोधायचा.

वांगीभात
आणि मेन्यूवर पदार्थापुढे एल, जी, एम अक्षरं असतात, त्यातला एम म्हणजे मीट ना? आज सासूबाईंनी त्यामुळे नुसता भात खाल्ला.

एस्पोकर
अरेरे. एम म्हणजे दूध नसलेलं. एल लॅक्टोजविरहित, जी ग्लुटेनविरहित. व्हेज-नॉनव्हेजशी त्याचा काही संबंध नाही. त्यांना बिचाऱ्यांना उद्या नीट खाऊ घाला.

कोकमआगळ
मुईक्कू मिळाले तर सोडू नका. बोटाएवढे गोड्या पाण्यातले मासे, राईच्या पिठात घोळवून लोण्यात कुरकुरीत. डोळे मिटून खाल्ले तर मांदेली.

भटकभवानी
गोड्या पाण्याच्या माशाला मांदेलीची सर? कोकणातले ना तुम्ही?

वांगीभात
बरं, उद्या सासूबाईंना डॉक्टरकडे फोनवर बोलायचंय दुपारी. शुक्रवारी गेलो हॉलमध्ये तर चालेल ना? १९ तारखेला.

एस्पोकर
नाही नाही नाही. शुक्रवारी युहान्नुसची, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यातल्या सणाची, आदली संध्याकाळ आहे. आपल्याकडे गणपतीला चाकरमानी कोकणात जातात तसं अख्खं गाव तळ्याकाठच्या म्योक्कीवर, म्हणजे सुट्टीच्या घरी, जातं. बाजार बंद, बरीच दुकानं बंद, शनिवारी तर शुकशुकाट. तारीख आधी का नाही सांगितली? उद्याच जा. फोन पुढे ढकला. आणि येताना घरी दोन दिवसांचं सामान भरून ठेवा: नवे बटाटे, शेपू, राईची ब्रेड, अंडी, स्ट्रॉबेरी. युहान्नुसला लोक तेच खातात, म्हणजे तुम्ही आपोआप फिनिश जेवाल.

सुपारीकातर
आल्को, म्हणजे सरकारी दारूचं दुकान, पण बंद असतं दोन्ही दिवस. वाइन आधी घ्या.

वांगीभात
वाइन कुणी विचारली?

भटकभवानी
प्युनिक्कीच्या मनोऱ्याखाली वेलदोड्याचे डोनट मिळतात, ते तरी खा. टेकडी चढून जायचं, गरम असतात.

तिरपा_सूर
मी आजवर कुठल्याही देशात गेलो तरी पहिल्या दिवशी भारतीय हॉटेल शोधतो आणि सुखी असतो. कुणाला पटो न पटो.

वांगीभात (शुक्रवार, रात्री ८.१५)
सर्वांना धन्यवाद. डॉक्टरांचा फोन काल सकाळीच उरकला आणि बाराला गेलो. हॉलमध्ये एक बाकडं, दोन वाडगी, शेजारी राईची ब्रेड आणि लोणी. सासूबाईंनी चमचा नाकाशी नेला आणि म्हणाल्या, ‘अगं, हा तर शेपू.’ मग त्यांनी दोन मिनिटांत वाडगं संपवलं आणि काउंटरवर जाऊन खुणेने आणखी ब्रेड आणली. तांदळाची खीर भरलेल्या राईच्या पातळ कडांच्या पुऱ्या पण घेतल्या (कार्यालानपीराक्का, नाव पाटीवरून उतरवून घेतलं). वर उकडलेलं अंडं आणि लोणी कालवून लावतात. खीर गोड नसते, त्यामुळे पहिल्या घासाला दोघी फसलो. नवरा संध्याकाळी आला तेव्हा त्याला थंड पुरी मिळाली. ‘यासाठी एवढा धागा काढलास?’ म्हणाला.
आज खरंच सगळं बंद. रस्त्यावर एक कुत्रा आणि त्याचा मालक. दुपारी नवे बटाटे, लोणी, शेपू. आणि उरलेली राईची ब्रेड सासूबाईंनी कुस्करून फोडणीला टाकली. ती मुळातच आंबट असते, ताक शिंपडावं लागत नाही. फोडणीच्या पोळीपेक्षा बरी झाली, पण हे त्यांना सांगितलेलं नाही.

सुपारीकातर
मोहरी-हिंग तांपेरेत कुठे मिळाले? मला मित्रासाठी हवंय.

वांगीभात
सासूबाईंच्या बॅगेत मिसळणाचा डबा असतो. तो आला आणि आमची एक बॅग आली नाही.